सहा मिलिमीटर

रावपुऱ्यात बाबांचं औषधांचं दुकान होतं.
मी गल्ल्याजवळच्या स्टुलावर गृहपाठ करायची,
कान मात्र कात्रीकडे.
दहाच्या पट्टीतून दोन गोळ्या कापताना
चंदेरी कागदाचा एक आवाज येतो,
अजून कुठे ऐकला की मान वळते.
'बे ज आपजो, काका,' म्हणायचे गिरणीतले लोक.
पगार शनिवारी, ताप बुधवारी.
बाबा कापून द्यायचे. कधी पैसेही घ्यायचे नाहीत.
भला माणूस, असं सगळा रावपुरा म्हणायचा
आणि मीही म्हणते.
हे आधीच सांगून ठेवते.

मग मी जंतूंच्या मागे लागले.
काचेच्या बशीत फिकट पिवळं आगर,
त्यावर जंतूंचा पातळ लेप, लेपावर औषधाची टिकली.
रात्रभर ऊब दिली की सकाळी
टिकलीभोवती स्वच्छ गोल उमटतो,
चंद्राला पडतं तसं खळं.
तेवढ्या जागेत औषधाचं राज्य.
ते मोजायचं. पस्तीस वर्षं हेच केलं,
शाळेच्या कंपासपेटीतल्या पट्टीनं.

अठ्ठ्याऐंशी साली सत्तावीस मिलिमीटर.

विश्वामित्रीचं पाणी आणायला रमणभाई परमार सोबत असायचे.
बाटलीला दोरी, दोरीला दगड,
त्यांचा एक डोळा पलीकडच्या काठावर.
'बेन, ए जुए छे.'
मगर खरंच बघत असायची, जबडा उघडा टाकून,
दवाखान्याचा नाला जिथे नदीत उतरतो तिथे.
'हिला काही होत नाही या पाण्यानं,' ते म्हणायचे.
मी म्हणायची, हिला नाही हो, पण
आणि तेवढ्यात ते दोरी ओढायला लागायचे.

एकोणीस.
चौदा.
शोधनिबंध परत आला: आकडे फारच स्थानिक आहेत.
होतेच. एक नदी, एक नाला, एक दवाखाना,
घरापासून सायकलनं वीस मिनिटं.

टिकलीचा स्वतःचा व्यास असतो सहा मिलिमीटर.
म्हणून आमच्या वहीत शून्य कधीच लिहीत नाहीत.
औषध पुरतं हरलं की लिहायचं, सहा.
नवी मुलं हमखास फसतात,
त्यांना वाटतं काहीतरी उरलंय.

दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत एक नमुना आला.
नाव नसतं, नंबर असतो: एक हजार सत्तेचाळीस.
पण बाटलीवरची चिठ्ठी माझ्याच अक्षरात होती.
दुसऱ्या दिवशी पट्टी लावली.
सहा. सहा. सहा. सहा. सोळा.
सोळावालं औषध मूत्रपिंडांवर उठतं,
आणि बाबांचं एकच धड होतं.
वहीतलं त्या दिवशीचं अक्षर नेहमीसारखंच आहे.
मी नंतर जाऊन पाहिलं.

'कुठली गोळी निघाली?' त्यांनी विचारलं.
बघतोय, म्हटलं.
'पूर्ण कोर्स घेईन हो,' म्हणाले,
आणि लहान मुलासारखे हसले.

उणे ऐंशीच्या फ्रीजरात, तिसऱ्या खणात,
ग्लिसरीनमधली ती कुपी अजून आहे.
वर्षातून एकदा सुईच्या टोकाइतकं काढून
बशीवर ओढते.
सकाळी गुलाबी ठिपके, टवटवीत.
बाबांच्या अंगातलं जिवंत असं
जगात एवढंच उरलंय.
राग यायला हवा. येतोही.
तरी झाकण लावताना हात हळू होतो.

निवृत्तीच्या दिवशी हेत्वीला किल्ली दिली.
जुन्या कुप्या काढून टाकू का, तिनं विचारलं,
जागा कमी पडते.
टाक, म्हटलं. एक हजार सत्तेचाळीस राहू दे.
का, म्हणाली.
स्थानिक आहे, म्हटलं.
येताना रावपुऱ्यातून आले.
दुकानाच्या जागी आता मोबाइल दुरुस्त करतात.
एक पोरगा कात्रीनं
कसलंसं पाकीट कापत होता.